गोड वास

“काकू, एक थेंब गळत नाही!” गॅरेजच्या खड्ड्यात उतरलेल्या मेकॅनिकने गाडीखालून ओरडून सांगितलं. अख्खी गल्ली त्याला बडबड्या म्हणायची. “सगळं खडखडीत कोरडं आहे. इंजिन थंड ठेवायचं कूलंट टाकायचंच राहून गेलं असेल.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “राहून गेलं? दर खेपेला मी स्वतःच्या हाताने ओतलंय. खुणेपर्यंत!”

शेजारी उभ्या तिच्या मुलाने खड्ड्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. ही मान हलवणं तिला आता पाठ झालं होतं. तोंडाने काही बोलायचं नाही, समोरच्याला नुसतं खुणेने सांगायचं की बघा, हे असं चाललंय. गाडीची चावी महिनाभर त्याच्या खिशात होती. आज गळती सापडली नाही तर ती तिथेच राहील, असं त्याने सकाळी चहाच्या वेळी स्पष्ट सांगून टाकलं होतं. चावी गेली की तिचा शिवणवर्ग गेला. तो भरायचा त्या गावाबाहेरच्या शाळेपर्यंत ना बस जात होती ना रिक्षा.

चिरंजीवांकडे पुरावे भरपूर होते. जुनाट इंजिन दोनदा तापून भर रस्त्यात बंद पडलं, कारण आई कूलंट टाकायला विसरते. आईला गाडीत गोडसर वास येतो, पाक करपल्यासारखा. तो दुसऱ्या कुणाला येत नाही. थंडीत गाडी चालवताना आईला समोरचं धूसर दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेव्हा पठ्ठ्याने डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी तिला आजचा वार विचारला. तिने तो सांगितला, वर त्यांच्या कोटाची उसवलेली शिवण दाखवून दिली. ते हसले, आणि तरीही गोळ्या लिहून दिल्या. वय झालं की माणसाचं कुणी ऐकत नाही, नुसतं तपासतात.

गॅरेजच्या बाकड्यावर तिचे यजमान बसले होते. त्यांना घरी एकटं ठेवत नसत. चार वर्षांपूर्वी त्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना, तेव्हापासून गाडी तीच चालवत होती. त्यांचं खरंच तसं होतं. आपलं तसं नाही, हे ती मुलाला घसा कोरडा पडेपर्यंत सांगत आली होती.

“वर ये आधी,” ती मेकॅनिकला म्हणाली. “कूलंट भर, इंजिन सुरू कर, काचा वर घे, हीटर लाव आणि आत बस.”

“हीटर? अहो काकू, गळती इंजिनात असते...”

“मी सांगते ना? बस!”

बडबड्या मुकाट बसला. त्या गॅरेजमध्ये हा चमत्कारच होता. इंजिन तापलं. समोरची काच खालून पांढरी व्हायला लागली. त्याने बाहीने पुसली, तर तेलकट फराटा उमटला. त्याने नाक मुरडलं, मग पुन्हा हुंगलं. पुढच्या सीटसमोरचा गालिचा उचकटून त्याने खाली हात घातला, तो बाहेर आला तेव्हा बोटं हिरवी आणि चिकट झाली होती.

“आयला,” तो म्हणाला. “हीटरची जाळी गेलीय!”

मग त्याची टकळी सुरू झाली. इंजिनातलं गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरतं. ती चिरली की गळती रस्त्यावर दिसत नाही, गाडीच्या आत होते. गालिचा कूलंट पिऊन टाकतो. वाफ होऊन काचेवर बसते. आणि कूलंटचा वास गोड असतो.

“म्हणजे वास खरा होता,” ती एकेक शब्द ठासून म्हणाली. “आणि धुकंही खरं होतं.”

मुलाने गाडीला लावलेली चावी काढून तिच्या हातावर ठेवली. “आई, सॉरी.”

“तुझं सॉरी ठेव तुझ्याजवळ. आणि त्या गोळ्याही तूच घे!” इतके दिवस दाबलेला संताप आता आवरत नव्हता. “एकदा, फक्त एकदा माझ्या शेजारी बसून हुंगून बघायचं होतंस. आपलं माणूस जीव तोडून काही सांगतंय, तर आधी ते खरं धरून बघावं की नाही? सरळ वेड्यात काढायचं? घरच्यांनीच?”

बडबड्याने डॅशबोर्ड खोलायला घेतला. दुपार कलली तेव्हा नवी जाळी बसली होती, काच स्वच्छ होती, आणि तिचा राग अजून उतरला नव्हता. जुनी जाळी हातात उलटसुलट करत तो तिच्याजवळ आला.

“काकू, ही गळती आजची नाही हं. आत पूड आहे, गळती बुजवायची. दगड झालाय तिचा. मागे कुणीतरी टाकली होती, तिनेच तीन-चार वर्षं कळ काढली. आता परत सुटली. तुम्ही टाकलेली?”

“मी? छे.”

त्याने मुलाकडे पाहिलं. मुलानेही नाही म्हटलं.

“मी टाकली होती,” बाकड्यावरून आवाज आला. यजमान तिच्याकडेच बघत होते, अगदी शांतपणे. “तू माझ्याकडून चावी काढून घेतलीस ना, त्याच्या आदल्या दिवशी. गोड वास येतो, हे मीही सांगत होतो.”