पुन्हा लाव

शेवटचा स्क्रू काही केल्या निघेना. धाकटीने चष्मा दुरुस्तीचा बारीक पेचकस दाबून धरला, श्वास रोखला आणि मनगट हळूच फिरवलं. करकरत स्क्रू सुटला. लॅपटॉपचं पोट उघडं पडलं. आत धुळीची राखाडी साय धरली होती.

"जमेल ना गं तुला?" बाबांनी विचारलं. टेबलाला खुर्ची भिडवून ते बसले होते. मांडीवर सीडी. सकाळपासून ती त्यांनी इतकी पुसली होती, की आता तिच्यात तोंड दिसत होतं.

"न जमायला काय झालं? जुना ड्राइव्ह ओढायचा, नवा सरकवायचा. संपलं."

लॅपटॉप दादाचा. तिचा थोरला भाऊ हॉस्टेलला असताना वापरायचा तो. दादा गेला रस्त्यावरच्या अपघातात, कुणाला निरोप घ्यायलाही सवड न देता. मागे राहिला हा लॅपटॉप आणि हॉस्टेलच्या शेवटच्या कार्यक्रमाची ही एकुलती एक सीडी. मग कधीतरी लॅपटॉपचा सीडी ड्राइव्हच बंद पडला. आई दुकानात विचारून आली. इतक्या जुन्या मशीनचे भाग आता मिळत नाहीत, म्हणाली. विषय तिथेच मिटला.

धाकटी दूर नोकरीला. दादा गेल्यावर आठवडाभर राहिली, त्यानंतर सगळ्या धावत्या भेटी. एरवी फोन. गेल्या खेपेला निघताना बाबा दारात सहज बोलून गेले, "त्याचा आवाज विसरत चाललोय गं मी." परत गेल्या गेल्या तिने शोधलं, तर ड्राइव्ह सहज मिळाला, घरपोच. तेव्हापासून आईवरचा राग तिच्या मनात ठाण मांडून होता.

आई चहा घेऊन आली. उघडा लॅपटॉप पाहून दारातच थबकली.

"राहू दे ना ते," ती म्हणाली. "चांगलं चाललंय आता. हे फिरायला जातात, शेजारच्या काकांशी बुद्धिबळावरून भांडतात, दोन घास नीट जेवतात. कशाला पुन्हा?"

"आई, तू खरंच दुकानात गेली होतीस?" धाकटीने मान वर न करता विचारलं. "तुला नसेल बघायचं. पण बाबांना बघायचंय."

आईने कप टेबलावर ठेवला. चहा बशीत हिंदकळला. ती आत गेली.

आपण जरा जास्तच बोललो, असं धाकटीला वाटलं. पण हात थांबले नाहीत. तिने जुना ड्राइव्ह बाहेर ओढला, त्याच्या तोंडाची प्लास्टिकची पट्टी काढून नव्याला बसवली आणि नवा ड्राइव्ह खाचेत सरकवला. खट्ट झालं. झाकण लागलं, स्क्रू बसले. बाबांनी सीडी दोन्ही हातांनी ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

पडद्यावर दादा आला. खांद्यावर टॉवेल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कमरेवर हात.

"पंखा चालू, दिवा चालू आणि साहेब गायब!" दादा गरजला. "वीज काय तुझ्या सासऱ्याची आहे?"

हॉस्टेलची पोरं खिदळली. बाबाही हसले. हसता हसताच त्यांचे डोळे वाहू लागले.

"लबाड कुठला! हुबेहूब मीच." त्यांनी धाकटीचा हात घट्ट धरला. "पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. तिलाही रडू आवरेना, पण आत कुठेतरी गार वाटत होतं. इतक्या दिवसांत या घरासाठी आपण काहीतरी केलं, असं तिला वाटलं.

"पुन्हा लाव."

नंतर ते स्वतःच लावू लागले. खालून शेजारच्या काकांनी हाक मारली, पट मांडून ठेवल्याचं ओरडून सांगितलं. बाबांनी ओ दिली नाही. चहावर साय धरली. संध्याकाळ झाली, जेवणाचं ताट आलं, ताट निवलं. आता ते हसत नव्हते. पडद्याला नाक लागेल इतके वाकले होते आणि दादाच्या शब्दाशब्दाबरोबर त्यांचे ओठ हलत होते.

"बाबा, पुरे आता. उद्या बघू." धाकटीने झाकणाला हात लावला.

त्यांनी तो झटकून टाकला. तिच्याकडे पाहिलं ते परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"थांब," ते म्हणाले. "तो आत्ताच तर आलाय."

धाकटी स्वयंपाकघरात आली. आई भिंतीला टेकून बसली होती. कुणी काही सांगण्याची तिला गरज नव्हती.

"पहिलं वर्ष असंच गेलं," आई म्हणाली. "दाढी नाही, आंघोळ नाही, रात्रंदिवस तेच. माणसाचा नुसता सापळा झाला होता. तू यायचीस तेवढ्यापुरते सावरायचे, आणि फोनवर तुला काय काय सांगणार? सीडी लपवून पाहिली, तर घर उलथंपालथं केलं त्यांनी. मोठ्या मुश्किलीने उठवलं होतं गं त्यांना."

बाहेर पोरं पुन्हा खिदळली. धाकटीला आईकडे बघवेना.

"म्हणजे तो ड्राइव्ह बिघडला, तेच बरं झालं होतं," ती पुटपुटली.

"बिघडला नव्हता गं तो," आई म्हणाली. "मी बिघडवला होता."