निरोपाचा प्रश्न

बॅगेत मेतकूट, लोकरीचे मोजे आणि नव्या नातीची दुपटी भरून झाली होती. फक्त शशिकलाबाईंचा व्हिसा अडला होता. लेकीच्या देशाचा व्हिसा आता एक यंत्र देई. ते घरी येऊन गप्पा मारी आणि पाहुणा वेळेवर परत जाईल का, ते ठरवी. त्याचा शेवटचा प्रश्न ठरलेला असे: “परतीच्या दिवशी लेकीचा निरोप कसा घ्याल?”

याआधी यंत्र दोनदा येऊन गेलं, तेव्हा दोन्ही वेळा बाई म्हणाल्या होत्या, “येते गं.” यंत्रानं नोंदलं होतं: जाण्याचा इरादा नाही.

आजची संधी शेवटची होती.

“आई, ‘जाते’ म्हणा,” सून ऋजुता कुजबुजली.

प्रश्न आला, पण बाईंच्या तोंडून तो शब्द फुटेना.

“नाही जमायचं,” त्या यंत्राला म्हणाल्या. “आमचे हे एकदाच ‘जातो’ म्हणून या दारातून गेले. परत आलेच नाहीत. आम्ही निघतानाच ‘येते’ म्हणतो.”

यंत्रानं आधीची नोंद खोडली. मग टेबलावर मंजुरीचा कागद ठेवून दाराकडे वळलं. त्याचं इथलं काम संपलं होतं, ते पुन्हा कधीच येणार नव्हतं.

उंबऱ्याशी थांबून ते म्हणालं, “येतो हं.”

“या,” बाई म्हणाल्या.