चौथा तंग

"कातडं राणीचं आणि धंदा व्हिक्टोरिया गाडी ओढायचा, कसं निभायचं गं तुझं-माझं?" आमचे हे तबेल्यात घोडीच्या कानाशी पुटपुटत होते. पोटाखालून आवळायचा तंग घासून चंद्रीला पुन्हा चट्टा उठला होता. जखम चिघळली असती तर तिला विकावी लागली असती, आणि मग यांच्या घशाखाली घास उतरला नसता.

शिवणातलं मला सगळं कळतं, हे मी लग्नातच जाहीर करून ठेवलेलं. चामडं काचतं म्हणून मी खाटेच्या नवारीचा तंग शिवला, मग घोंगडीचा, मग माझं मऊ लुगडं फाडून त्याचा. दोन दिवसांत चंद्री अंग चोरायला लागायची. "फारच नाजूक बाई ही," मी म्हणायची. हे खांबाला पाठ घासत मान डोलवायचे.

त्या दिवशी मामंजी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाहून उघडेच परतले, सदरा काठीला लावून. दर मोर्चात ते सदरा काढून फडकवायचे. मीच शिवलेला तो. त्यांच्या जोशाचं कौतुक माझं अख्ख्या गिरगावात सांगून झालं होतं.

मी चौथा तंग मखमलीचा बेतत होते. मामंजी थोडा वेळ बघत राहिले, मग माझ्या हातातली सुई त्यांनी हळूच काढून घेतली.



"सूनबाई, घोडी नाजूक नाही गं. तू दोऱ्याच्या गाठी आतून मारतेस. मी मोर्चात सदरा उगाच काढतो होय?"