झाकणावरची टकटक

विज्ञान संग्रहालयाच्या प्राणीकक्षात भागीरथाबाईंची एक पद्धत होती. खाणं टाकण्याआधी त्या काचेच्या पेटीच्या झाकणावर चिमट्याने दोनदा टकटक करायच्या. टकटक झाली रे झाली, की कासवं, पांढरे उंदीर, एवढंच काय, आळशी इग्वाना सरडासुद्धा, सगळे माना वर करून झाकणाखाली येऊन थांबायचे.

त्या सोमवारी संग्रहालय बंद होतं. बाई पेट्यांकडे पाठ करून कळमन्याच्या भाजीबाजारातून आलेल्या काकड्या चिरत बसल्या होत्या. तेवढ्यात टकटक झाली. वळून पाहतात तो सगळ्या पेट्यांत माना वर झालेल्या. चिमटा मात्र त्यांच्या मांडीशीच पडलेला.

"काहून छळून राहिले गा देवराव त्याइले?" दारात दिसलेल्या चौकीदाराला त्यांनी दटावलं.

"मी कुठं काय केलं वं बाई? मी तं आता येऊन राहिलो."

पुन्हा टकटक झाली, जरा जोरात. आवाज कुठल्याच पेटीवरून आला नव्हता. तो छतावरून आला होता, आणि छतावर चढायला जिनाच नव्हता.

या वेळी कासवांनी माना कवचात ओढून घेतल्या. इग्वाना फांदीमागे जाऊन दडला.

"देवराव, तुमाले बी आलं न ऐकू?"

 देवराव तोंड उघडं टाकून, मान वर करून उभा होता.

त्याला दंडाला धरून बाहेर ओढावं, असं बाईंना वाटत होतं. पण त्यांचीही मान वर गेली होती, आणि तोंडाला सुटलेलं पाणी काही केल्या आवरत नव्हतं.