काट्यावरचे दाजी

शर्यतीतल्या शिडाच्या बोटी सगळ्या सारख्या, म्हणून चौघा खलाशांच्या एकूण वजनालाही मर्यादा. दरवर्षी घोडं दाजींपाशी अडायचं आणि त्यांचा मेहुणा, म्हणजे बोटीचा कप्तान, त्यांच्या पोटावरून यथेच्छ तोंडसुख घ्यायचा.

यंदा दाजी काट्यावरून उतरले, तरी चौघांचं मिळून वजन मर्यादेच्या सहा किलो खाली!

"वा दाजी, शेवटी जिभेला लगाम घातलात म्हणायचा!" मेहुण्याने त्यांची ढगळ पँट ओढून सगळ्यांना दाखवली. मंडळी खिदळली. दाजीही ओशाळं हसले.

"ताई, कसलं डाएट दिलंस गं यांना?"

ताई हसली नाही.



"कसलं डाएट? तुझ्या धाकाने उपाशी राहतील म्हणून दोन महिने मी त्यांना दुप्पट वाढतेय. आणि ते सगळं संपवतायत."