आजोबांच्या आधीचं वाक्य

सकाळची ड्युटी संपवून नर्सबाई घरी आली तेव्हा तिच्या पायांत त्राण नव्हतं. पण चप्पल काढते न काढते तोच मुलांनी तिला गोष्टीच्या खेळात ओढलं. प्रत्येकानं एकेक वाक्य सांगायचं आणि गोष्ट पुढे न्यायची.

सासरे खुर्चीत पाळीची वाट बघत बसले होते. त्यांचं वाक्य ठरलेलं, "तेवढ्यात तुमच्या आजीनं दार उघडलं." सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. सासऱ्यांच्या डोक्यातून बाकीचं हळूहळू पुसलं गेलं, एवढं वाक्य तेवढं राहिलं. मुलं मनातल्या मनात हसत असणार, असं तिला वाटायचं.

ती सासऱ्यांशेजारच्या रिकाम्या जागेवर टेकली. धाकट्यानं राजाला होडीत बसवलं. तिची पाळी आली.

"भर समुद्रात होडी उलटली," ती जांभई देत म्हणाली.

सासऱ्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भांबावून ते तिच्याकडे बघत राहिले.

पाणी प्यायला उठलेली थोरली परतून तिच्या कानाशी आली. "आई, ही माझी जागा आहे. आजोबांच्या आधी मीच असते."

"का गं? काय बिघडलं?"

"अगं, त्यांना दार लागतं. मी रोज आणून ठेवते. काल तर चंद्रावर ठेवलं होतं."

तिनं डोळे चोळले. नियम मोडून आणखी एक वाक्य घेतलं.

"पोहत पोहत राजा एका दारापाशी आला आणि त्यानं कडी वाजवली."

सासरे सावरून बसले.