तावडेच्या केसचा रिपोर्ट

"रिपोर्ट आज पण नाही आला," सहदेव परब म्हणाला.

मालन काउंटरसमोरून हलली नाही. "मागच्या बुधवारी पण हेच सांगितलंत."

"मग काय करू? मी क्लार्क आहे, बाई. हेडऑफिसला तीन पत्रं टाकली, दोनदा ट्रंककॉल लावला. तिकडून एकच, साहेब टूरवर."

हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीचं हे अंधेरीतलं ऑफिस. चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात कंपनीचं एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. पायलट वाचला. सोबत गेलेला मेकॅनिक गुणाजी तावडे गेला. मालन पहिल्यांदा आली तेव्हा सहदेवने विचारलं होतं, "तावडेच्या केसचं ना?" तिने मान हलवली होती. तेव्हापासून चारकोपच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती दर बुधवारी येत होती. सात खेपा झाल्या. मॅनेजरसाहेबांनी तिला एकदाही केबिनमध्ये घेतलं नाही. "चौकशी चालू आहे म्हणून सांगा," एवढंच ते सहदेवला सांगत.

आठव्या बुधवारी सहदेवच वैतागला. साहेब जेवायला गेल्यावर त्याने त्यांचं कपाट उघडलं. रिपोर्ट महिन्यापूर्वीच येऊन पडला होता.

त्याने मालनला आतल्या खोलीत बोलावलं. "बसा, वहिनी. इंग्रजीत आहे, मी सांगतो. पण माझं नाव कुठे घेऊ नका, नोकरी जाईल."

तो एकेक ओळ मराठीत सांगत गेला. हवामान ठीक होतं. पायलटची चूक नव्हती. पुढची ओळ वाचून तो घुटमळला आणि पान उलटायला लागला.

"गाळू नका," मालन म्हणाली. "जे आहे ते वाचा."

"शेपटीच्या पंख्याची पिन हवेत तुटली. तावडेने ती बसवताना जादा आवळली, म्हणून. कंपनीच्या मालात दोष नाही, सगळी चूक तावडेची, असं लिहिलंय."

"हे खोटं आहे," मालन म्हणाली.

ती असंच काहीतरी म्हणणार हे सहदेवला ठाऊक होतं. "तुम्हाला तसं वाटणारच, वहिनी. पण चार जणांच्या सह्या झाल्यात. आता कोण ऐकतो कुणाचं? जाणारा गेला. घरी जा, पोरांकडे बघा."

"मला पोरं नाहीत. माझं लग्नच झालेलं नाही. तावडेंना मी कधी पाहिलं पण नाही."

"मग तुम्ही कोण?" सहदेवने विचारलं.

"तुमच्या पिना चारकोपला आमच्याकडेच बनतात," ती म्हणाली. "तपासायला मी असते. एका पिनेला तडा होता. मला दिसला होता. तरी पासचा शिक्का मी मारला."